पाऊस लागला की बागेतले दिवे ईएलसीबी पाडतात: दोष कुठे शोधायचा आणि कायमचं काय बदलायचं

जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत माझा फोन वाजतो. पलीकडचं बोलणं दर वर्षी जवळजवळ तेच असतं. "रात्री अख्ख्या घराची लाइट गेली. ईएलसीबी वर करतो तर परत पडतो. आता ऊन आलंय तर आपसूक राहिलाय. येऊन बघता का?" ईएलसीबी म्हणजे करंट जमिनीत गळू लागला की लाइन तोडणारा ब्रेकर. मी विचारतो, बागेत दिवे आहेत? आहेत. पोहायचा पूल, कारंजं, कमळाचं तळं काही? तेही आहे. मग मी सांगतो, मी येईपर्यंत बागेची लाइन आणि पुलाचा पंप बंद ठेवा आणि पाण्यात कुणाला उतरू देऊ नका, मुलांना तर मुळीच नाही.

मी फोंड्याचा, परवानाधारक वायरमन. यंदा बावीस वर्षं झाली. निम्मं काम बार्देश आणि पेडण्यातल्या घरांत असतं, कुठे जुन्या चिरेबंदी घरामागे नवा पूल झालाय, कुठे तुळशी वृंदावनाशेजारी छोटं कारंजं बसवलंय. बहुतेक ठिकाणी दोष तीन-चार जागांपैकी एका जागी सापडतो. त्या जागा लिहून ठेवाव्यात असं बरेच दिवस मनात होतं.

या दुखण्यातली सगळ्यांत वाईट गोष्ट म्हणजे ऊन पडलं की ते बरं झाल्यासारखं दिसतं. ब्रेकर राहतो आणि माणूस विसरतो. पुढच्या पावसात परत तेच. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कुणीतरी कंटाळून "तो ईएलसीबीच काढून टाक" म्हणतो, आणि तसं करून देणाराही कुणी भेटतो.

गेल्या पावसाळ्यात एका घरी हेच पाहिलं. डीबीचं, म्हणजे ब्रेकर बसवलेल्या पेटीचं, झाकण काढलं तर ईएलसीबीच्या वरच्या आणि खालच्या टोकांना वायरचे दोन तुकडे जोडलेले, एक लाल, एक काळा. टेस्टचं बटण दाबलं. खटका खाली आला आणि बागेतले दिवे तसेच जळत राहिले. मग पुलाकडे गेलो. मल्टिमीटरचं एक टोक स्टीलच्या शिडीला लावलं, दुसरं बाजूच्या ओल्या लादीला. 38 व्होल्ट. त्या शिडीवरून आदल्या दिवशी दोन पोरं चढ-उतार करत होती, असं घरच्या बाईंनी सांगितलं तेव्हा मला खाली बसावं लागलं.

ब्रेकर नेमकं काय सांगत असतो, ते आधी समजून घ्या. आपण बोलताना ईएलसीबी म्हणतो, हल्लीच्या डब्यावर आरसीसीबी लिहिलेलं असतं. तो फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून पाहतो. 30 मिलिअँपिअरवाला असेल तर एवढा फरक पडला की तो सेकंदाच्या एक तृतीयांश भागाच्या आत लाइन तोडतो. म्हणजे तेवढा करंट तारेतून परत न येता दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने, ओल्या मातीतून, चिऱ्यातून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत जातोय. साध्या एमसीबीला, म्हणजे करंट फार वाढला तरच पडणाऱ्या खटक्याला, यातलं काहीच कळत नाही. समजा अर्थिंगचा रोध 20 ओहम आहे. आपल्या जांभ्या दगडात मे महिन्यात खड्डा सुकला की असं होणं काही अवघड नाही. फेज खांबाच्या पत्र्याला टेकली तर 230 भागिले 20, म्हणजे साडेअकरा अँपिअर वाहतील. 16 अँपिअरचा एमसीबी हे निवांत सोसतो आणि खांब करंट घेऊन उभा राहतो. म्हणून पाण्याजवळ ईएलसीबीशिवाय एक दिवासुद्धा नको.

आता शोध.

ब्रेकर कधी पडतो, हे दोन दिवस वेळेसकट लिहून ठेवा. निम्मं निदान त्यातच होतं. रोज संध्याकाळी टायमरने दिवे लागताच पडत असेल तर दोष दिव्यांच्या फेजवर, म्हणजे एखाद्या दिव्यात किंवा त्याच्या ड्रायव्हरमध्ये (दिव्याला हवी तशी वीज देणारा डबा). सकाळी फिल्टरचा पंप सुरू होताच पडत असेल तर पंपात. पाऊस थांबल्यावर तास-दोन तासांनी पडत असेल तर जमिनीलगतच्या एखाद्या बॉक्समध्ये पाणी हळूहळू झिरपतंय. विजा कडाडताना एकदाच पडला आणि पुढे राहिला तर बहुधा तो झटका लाइनवरून आलेला असतो, त्यासाठी बाग खणू नका.

आणि दिवे बंद, पंप बंद, बागेचा एमसीबीही खाली, तरी पडतोय? इथे नव्वद टक्के लोक फसतात, वायरमनसुद्धा. "बागेचा एमसीबी पाडला तरी ट्रिप होतोय, म्हणजे दोष घरात आहे" असं म्हणून घरातले पंखे-गीझर तपासत बसतात. पण एकपोली एमसीबी फक्त फेज तोडतो. बागेचं न्यूट्रल डीबीतल्या न्यूट्रल लिंकला (सगळी न्यूट्रल एकत्र येतात ती पट्टी) जोडलेलंच असतं. ओल्या बॉक्समध्ये ते न्यूट्रल अर्थच्या तारेला किंवा ओलाव्याला चिकटलं की घरातला फ्रिज वापरतो त्या करंटचा थोडा भाग बागेच्या न्यूट्रलमधून जमिनीत वाट काढतो. ब्रेकरला परतीचा करंट कमी दिसतो आणि तो पडतो. फ्रिज चालू झाला की पडतो, म्हणून बिचारा फ्रिज बदलला जातो. असं एका घरी खरोखर झालंय.

उपाय सोपा आहे. मेन बंद करा आणि बागेच्या सर्किटचं न्यूट्रलही लिंकमधून सोडवा. मग ईएलसीबी वर करा. राहिला, तर दोष बागेतच. ही चाचणी पाच मिनिटांची आहे आणि तिने मला कित्येक दिवसांची पायपीट वाचवली आहे. पुढच्या वेळी हा घोळ नको म्हणून बागेला डबल पोल एमसीबी बसवून घ्या, म्हणजे खटका पाडला की फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात.

बागेत दोष आहे हे कळलं की लाइन अर्ध्यावर तोडायची. दहा दिवे असतील तर पाचव्यानंतरची जोडणी सोडवा. पहिला भाग चांगला निघाला तर दोष पुढच्या पाचांत. परत अर्धं करा. तीन-चार खेपांत एका बॉक्सपर्यंत पोचता. हे "लावून बघू, पडतो का" असं चालू लाइनवर करू नका, मेगर (वायरीचं इन्सुलेशन मोजणारं मीटर) वापरा. लाइन बंद, दिव्यांचे ड्रायव्हर आणि इलेक्ट्रॉनिक टायमर सोडवलेले (नाहीतर मेगरच्या व्होल्टेजने ते जातील), फेज-न्यूट्रल एकत्र पिळून त्यांच्या आणि अर्थच्या मध्ये 500 व्होल्टचा मेगर. आकडा 1 मेगाओहमच्या खाली असेल तर ती केबल किंवा जोड नापास. मी स्वतः पाण्याजवळच्या लाइनला काठावर पास झालेला आकडाही सोडत नाही. मे महिन्यात जी केबल दीड मेगाओहम दाखवते, तिचं जुलैत काय होणार हे दिसतंच आहे.

कोरड्या दिवशी गेलात आणि सगळे आकडे छान आले, तर? मग पाऊस आपणच पाडायचा. लाइन बंद ठेवून बागेच्या नळीने एकेका दिव्यावर, एकेका बॉक्सवर पाच-दहा मिनिटं पाणी सोडायचं आणि दर वेळी मेगर बघायचा. ज्या जागी पाणी मारल्यावर काटा खाली येतो, ती जागा. कंटाळवाणं काम आहे, पण याच्याइतकं खात्रीचं दुसरं मला माहीत नाही.

शिडीत 38 व्होल्ट मिळाले त्या घरी दोष असाच सापडला. गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, चिऱ्याच्या खाचेत बसवलेला एक प्लास्टिकचा जंक्शन बॉक्स, वरून फर्न वाढलेलं. झाकणाचे चार स्क्रू, त्यातले दोन गंजून तुटलेले. उघडला तर आत अर्धा ग्लास पाणी, तळाशी लाल माती, कोपऱ्यात मुंग्यांनी आणलेली अंडी. जोडावरची काळी टेप बोट लावताच सुटून आली, गोंदाचा नुसता चिकट चिखल झालेला. आत तांबं हिरवं पडलेलं. बॉक्सवर मात्र आयपी 65 छापलेलं होतं.

त्या छापाबद्दल थोडं बोलायला हवं, कारण लोक त्यावर फार भरवसा ठेवतात. आयपी 65 म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याची धार सोसते. पाण्यात बुडून राहणं त्यात येत नाही. आयपी 67 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. कायम पाण्याखाली राहायचं तर आयपी 68 लागतं, तेही कंपनीने लिहिलेल्या खोलीपर्यंतच. आणि हे सगळे आकडे ग्लँड (केबल बॉक्समध्ये शिरते तिथली आवळायची बूच) नीट बसवलेली आहे असं धरून असतात. गोल केबलच्या ग्लँडमध्ये चपटी केबल घातली, किंवा एका ग्लँडमधून दोन वायरी ओढल्या, की तो आकडा गेला.

नीट बसवलेल्या बॉक्सातही पाणी शिरतं. दिवा लागला की आतली हवा तापून फुगते आणि थोडी बाहेर जाते. मग पाऊस येतो, दिवा एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी रबराच्या कडेने ओढून घेते. दुसरी वाट केबलच्या पोटातली. केबलचं एक टोक ओल्या खड्ड्यात उघडं असेल तर तारांच्या बारीक फटींतून पाणी वात तेल ओढते तसं चढत दिव्यापर्यंत जातं. "दिवा नवा, सील नवं, तरी काचेच्या आत पाणी कसं?" याचं उत्तर बरेचदा तीन मीटर लांबच्या जोडात असतं.

गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जमिनीखालचा प्रत्येक पाइप पावसाळ्यात भरलेला असणार असं धरूनच काम करायचं. पाइपात जोड नकोच. जोड जमिनीच्या वर, भिंतीला, वळचणीखाली आणा. तसं जमत नसेल तर जेलचे किंवा रेझिन ओतायचे जोड वापरा. नुसती टेप चालणार नाही. केबल बॉक्समध्ये खालून घ्या आणि आत शिरण्याआधी तिला एक झोळ द्या, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं. जमिनीतली 230 व्होल्टची केबल आर्मर्ड (पोलादी कवचाची) आणि पाऊण मीटर खोल, वाळूत, वर चिरा किंवा वीट आणि धोक्याची पट्टी. जांभा फोडून पाऊण मीटर जाणं जिवावर येतं, मजूर कुरकुरतात, हे मला माहीत आहे. पण वीतभर खोल पुरलेली केबल पुढच्या वर्षी माळ्याच्या कुदळीला लागते.

कारंज्याचा बुडता पंप हा दुसरा नेहमीचा गुन्हेगार. त्याचं सील झिजलं की पाणी वाइंडिंगपर्यंत जातं. कधी कधी पाण्यावर तेलाचा पातळ तवंग दिसतो, ती आधीची खूण. पंप लाइनमधून सोडवून मेगर करा. शंका असेल तर दुरुस्तीच्या नादी न लागता बदला. आणि पंप चालू असताना जाळी साफ करायला हात घालायचा नाही, एवढं घरातल्या प्रत्येकाला, माळ्यालासुद्धा, समोर उभं राहून सांगा.

कधी कधी मात्र एकही दोष सापडत नाही. प्रत्येक दिव्याचा ड्रायव्हर थोडासा करंट अर्थमध्ये सोडतोच, तो त्याच्या बांधणीचाच भाग असतो. वीस-पंचवीस दिवे, पंप, गेटची मोटर, घरातला फ्रिज, कॉम्प्युटर, सगळं एकाच 30 मिलिअँपिअरच्या ईएलसीबीवर घातलं की ही गळती मिळून मर्यादेजवळ जाते. 30 चा ईएलसीबी 15 च्या पुढे कधीही पडू शकतो. मग थोडी दमट हवाही पुरते. इथे उपाय वाटून देण्याचा आहे. बागेला वेगळा, पुलाच्या खोलीला वेगळा, घराला वेगळा. बागेचा पडला तरी रात्री घरात आजोबांना अंधारात चाचपडावं लागत नाही, आणि मग कुणाला तो काढून टाकावासाही वाटत नाही.

इन्व्हर्टरवर बाग आणि पूल घालू नका. घरचं आणि इन्व्हर्टरचं न्यूट्रल कुठेतरी एकत्र झालं की ईएलसीबी विनाकारण पडतो. उलट काही इन्व्हर्टरचं न्यूट्रल अर्थशी जोडलेलं नसतं, तिथे खरा दोष असतानाही तो पडेलच याची खात्री नाही.

हे सगळं दुरुस्तीचं झालं. पण दर पावसाळ्यात हेच करायचं नसेल तर 230 व्होल्ट पाण्यापासून लांब न्यायला हवेत. माझं या विषयातलं खरं म्हणणं हेच आहे.

आयईसी 60364 या मानकाचा 702 वा भाग पुलांसाठी आहे. त्यात पुलाच्या आतली जागा म्हणजे झोन 0. काठापासून 2 मीटर आणि माणूस उभा राहतो तिथून अडीच मीटर उंचीपर्यंत झोन 1. त्याच्या पुढे दीड मीटर झोन 2. मी घरमालकाला हे आकडे सांगत बसत नाही. चुना घेतो आणि काठापासून साडेतीन मीटरवर जमिनीवर रेघ ओढतो. रेघेच्या आत प्लग नाही, स्विच नाही, ट्रान्सफॉर्मर नाही, डीबी नाही. मानक झोन 2 मध्ये काही सवलती देतं. मी त्या घेत नाही. पाण्यातल्या दिव्यांना 12 व्होल्ट एसी किंवा 30 व्होल्ट डीसीपेक्षा जास्त नको, कारण ओल्या कातडीचा रोध फार खाली येतो आणि पाण्यात स्नायू क्षणभर आखडले तरी माणूस बुडू शकतो.

पण "12 व्होल्ट" छापलेला प्रत्येक डबा चालत नाही. काही स्वस्त ड्रायव्हरमध्ये 230 ची बाजू आणि 12 ची बाजू आतून पूर्ण वेगळी नसते. सेफ्टी आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मर मागा, त्यावर आयईसी 61558-2-6 लिहिलेलं असतं. त्याची 12 व्होल्टची बाजू अर्थला जोडायची नाही. हेही लक्षात ठेवा की ट्रान्सफॉर्मरच्या पुढच्या दोषाला मागचा ईएलसीबी पडत नाही, म्हणून ट्रान्सफॉर्मर चांगला असणं हाच तिथला बचाव आहे.

12 व्होल्टची एक अडचण असते, शेवटचा दिवा मंद दिसतो. 50 वॉटचा भार 12 व्होल्टवर चार अँपिअरहून थोडा जास्त करंट घेतो. 20 मीटर लांब नेलेल्या अडीच स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या केबलमध्ये जाऊन-येऊन सव्वा व्होल्ट तिथेच संपतो. 4 स्क्वेअर एमएम घेतली तर पाऊण व्होल्ट. म्हणून जाड केबल घ्या, किंवा दोन बाजूंना दोन ट्रान्सफॉर्मर, दोन्ही रेघेबाहेर. दिवे मंद वाटतात म्हणून "सरळ 230 वर घालू" असं कुणी सुचवलं तर ऐकू नका.

शिडी, कठडा, पुलाच्या काँक्रीटमधल्या सळ्या, पंपाचं धातूचं अंग, हे सगळं तांब्याच्या कमीत कमी 4 स्क्वेअर एमएम वायरने एकमेकांना जोडून अर्थला न्यायचं. याने दोन धातूंमध्ये व्होल्टेजचा फरक उरत नाही. सळ्यांची जोडणी काँक्रीट ओतण्याआधीच करावी लागते. नवीन पूल बांधत असाल तर गवंडी येण्याआधी वायरमनला बोलवा.

दिव्यांच्या जागा ठरवताना एक गोष्ट डोळ्यांनी तपासा. रात्री व्हरांड्यात नेहमीच्या खुर्चीत बसा आणि पुलाचा तळ दिसतो का बघा. समोरून येणारा दिवा पाण्यावर चमकला की पाण्याखालचं काहीच दिसत नाही, तिथे मूल असलं तरी. पाण्यातला दिवा घराच्या बाजूच्या भिंतीत, तोंड पलीकडे. पायऱ्यांचे आणि काठाचे दिवे खाली, गुडघ्याच्या आत, तोंड जमिनीकडे. समुद्राजवळ साधं स्टील दोन वर्षांत गंजाचे डाग दाखवतं, तिथे 316 प्रतीचं मागा. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथल्या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालायला येतात. किनाऱ्याच्या बाजूला एकही दिवा उघडा ठेवू नका, पिल्लं समुद्र सोडून उजेडाकडे चालू लागतात.

चवथीला, दिवाळीला, तुळशीच्या लग्नाला माळा लागतात. बारीक वायरीच्या 230 च्या माळा पुलाच्या कठड्याला किंवा शिडीला गुंडाळू नका. रेघेच्या आत पणत्या लावा, त्या पाण्यात जास्त सुंदर दिसतात.

पाण्यात कुणाला शॉक बसतोय असं वाटलं तर उडी मारू नका. आधी मेन बंद करा, मग कोरडा बांबू किंवा प्लास्टिकची लांब काठी पुढे करा, आणि 108 ला फोन लावा. मेन स्विच कुठे आहे हे घरातल्या सगळ्यांना, कामाला येणाऱ्या बाईंनाही, माहीत हवं.

दर महिन्याला टेस्टचं बटण दाबा आणि दिवे खरंच विझतात का ते बघा, नुसता खटका पडला म्हणून समाधान मानू नका. त्या बटणाने अर्थिंग तपासलं जात नाही, ते मेच्या अखेरीस वेगळं मोजून घ्या, मेगरसोबतच.

त्या गडग्याच्या घरी यंदा पहिल्या पावसानंतर मुद्दाम जाऊन आलो. नवा बॉक्स आता वळचणीखाली आहे, आत कोरडा. मेगरवर आकडा 50 मेगाओहमच्या वर. शिडी आणि लादीच्या मध्ये मीटर काहीच दाखवत नाही. टेस्टचं बटण घरच्या बाईंनाच दाबायला लावलं, बाग अंधारली. कमळाच्या तळ्यातला एक जुना 230 चा दिवा मात्र अजून बदलायचा राहिलाय, 12 व्होल्टचा दिवा आलेला नाही. तोवर त्याची वायर दोन्ही टोकांनी सोडवून, टोकं बंद करून ठेवली आहेत.